उत्तरेच्या भिंतीतली नाकपुडी

भिंतीला दोन नाकपुड्या पाडायच्या, एवढंच माझं काम. घर तापवणाऱ्या गॅसच्या नव्या भट्टीला धुराडं लागत नाही. तळघरातून पांढऱ्या प्लास्टिकचे दोन पाइप भिंतीबाहेर काढले की झालं. एकातून भट्टी बाहेरची हवा ओढते, दुसऱ्यातून जळालेली हवा कोमट वाफ होऊन बाहेर पडते. आम्ही धंद्यातले लोक एकीला घेती नाकपुडी म्हणतो आणि दुसरीला सोडती. खोल्यांमधल्या हवेचा या दोन्हींशी काही संबंध येत नाही. ती वेगळ्या वाटेने फिरते आणि पत्र्याच्या पल्याडून नुसती ऊब घेऊन जाते. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा समजावलंय की झोपेतही सांगेन. इथे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, हँकॉक गावाच्या वरच्या टेकडीवर, मोठ्या सरोवरावरून येणारा बर्फ जिथे पहिल्यांदा अंग टाकतो, तिथे सायमाचं घर आहे. सायमाचं म्हणतो मी अजून. आमच्या लग्नाला दुसरा हिवाळा लागला तरी 'आमचं घर' म्हणायला माझी जीभ वळत नव्हती, कारण त्या घरातला खिळा न् खिळा आर्मासने ठोकलेला. आर्मास सालो, तिचा पहिला नवरा. कपाटं त्याची, जिना त्याचा, परसातली वाफेच्या आंघोळीची सौना त्याची. तळघरातली लाकडाची भट्टीसुद्धा त्यानेच बंद पडलेल्या खाणीतल्या बॉयलरच्या पत्र्यातून जोडलेली. आयुष्यभर मी लोकांची घरं तापवली, आणि स्वतः मात्र एका मेलेल्या माणसाच्या भट्टीत लाकडं सारत बसलो होतो.

त्याच्या नावाची आणखी एक पंचाईत होती. आमच्या फिनिश भाषेत 'आर्मास' म्हणजे लाडका, जिवलग. माझी आजी तिच्या बोक्याला आर्मास म्हणायची. सायमा मलाही तसंच म्हणे. "आर्मास, मीठ सरकव ना जरा." मी मीठ सरकवायचो आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, हे मागितलं कुणाकडे?

"मला ओन्नी म्हणत जा," मी एकदा तिला म्हणालो.

"म्हणते की. पण मग लाडाने काय म्हणू? ओन्नुल्या?" आणि ती टेबलावर डोकं टेकून हसत सुटली.

मीही हसलो. पण मला काय होतंय हे मला ठाऊक होतं. त्याला मत्सर म्हणतात, आणि साठीला टेकलेल्या माणसाला तो शोभत नाही, हेही ठाऊक होतं.

शनिवारी सौनातून बाहेर आलो की आम्ही टॉवेल गुंडाळून पायऱ्यांवर बसायचो. कडाक्याच्या थंडीत अंगातून वाफा निघत असायच्या. सायमा ओठांचा चंबू करून लांबवर वाफ सोडायची, मग मी. कुणाची लांब जाते, हा खेळ. एका शनिवारी मी छाती फुटेस्तोवर फुंकलं. वाफ लाकडांच्या ढिगापर्यंत जाऊन विरली.

"बरी गेली," ती म्हणाली. "आर्मासची त्या बर्चच्या झाडापर्यंत जायची."

ते झाड अंगणाच्या टोकाला होतं. कुठल्याही माणसाची वाफ तिथवर जाणार नाही. ती खोटं बोलत नव्हती, हेच जास्त लागलं. तिला खरंच तसं आठवत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी ठरवलं, लाकडाची भट्टी काढायची.

"काय वाईट आहे तिच्यात?" सायमाने विचारलं.

"लाकडं कोण वाहणार म्हातारपणी?"

"तू."

"आणि माझे गुडघे गेले की?"

तिने पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. मग म्हणाली, "कर तुला काय करायचंय ते. भट्टीवाल्याशी लग्न केलंय, भोगायला नको?"

आर्मासची भट्टी मी तुकडे करून तळघरातून बाहेर काढली. धुराड्याचं तोंड सिमेंटने बुजवलं. इतकं मन लावून मी क्वचितच कुठलं काम केलं असेल.

मग नाकपुड्यांची जागा ठरवायची होती. त्याचे नियम असतात. खिडकीपासून लांब, दारापासून लांब, गॅसच्या मीटरपासून लांब, कोपऱ्यात नाही, आणि बर्फ साचतो त्याच्या बऱ्याच वर. पूर्वेला मीटर होता. दक्षिणेला ओसरी. पश्चिमेकडून सरोवराचा वारा असा येतो की पाइपात बर्फ ठासून भरेल. राहिली उत्तर. उत्तरेच्या भिंतीवर नियमात बसणारी एकच जागा निघाली. मी पुन्हा मोजलं, मीटर हलवता येईल का तेही पाहिलं. जागा तीच निघाली.

आर्मास त्याच जागी गेला होता.

घराच्या पायाशी बर्फ थापून घट्ट करायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे खालून वारा शिरत नाही. या थापण्याला आम्ही पँकणं म्हणतो. हा शब्द मोठा पूल ओलांडून दक्षिणेला राहणाऱ्या लोकांना कळत नाही. बहुतेक जण फावड्याच्या पाठीने पँकतात. आर्मास गुडघ्यांवर बसून, लोकरीचे हातमोजे घालून, हातांनी पँकायचा. त्या दुपारी तो उत्तरेच्या भिंतीशी बसलेला असताना छपरावरचा सगळा बर्फ एका दमात घसरला. आत भट्टी धडधडत होती, सायमाने रेडिओ लावला होता. तिला काही ऐकू आलं नाही.

उकरणाऱ्यांत मी होतो. तो भिंतीकडे तोंड करून बसलेलाच सापडला. त्याच्या तोंडापासून बर्फात एक बोगदा गेला होता, बोटाएवढा, श्वासाने वितळून पुन्हा गोठलेला, आतून काचेसारखा गुळगुळीत. तो वर मोकळ्या हवेकडे गेला नव्हता. सरळ भिंतीकडे गेला होता. घराच्या लाकडापर्यंत पोचायला वीतभर उरलं होतं. हे आम्ही सायमाला कधीच सांगितलं नाही.

तो बोगदा आठवला की मला दया यायला हवी होती. मला राग यायचा. मरतानासुद्धा घरातच घुसत होता.

ड्रिलने भिंतीला भोक पाडलं, लाकडाची गोल चकती बाहेर पडली, आणि मी थांबलो. थंडीच्या दिवसांत तळघराला भोक पाडलं की बाहेरचा गारठा सपकन आत येतो. नेहमीच येतो. त्या भोकातून मात्र घरातली हवा बाहेर ओढली गेली, सावकाश, लांबवर, तहानलेल्या माणसाने पहिला घोट घ्यावा तशी. भुसा उडून भोकाकडे गेला. मग ती ओढ थांबली. वारा असेल, म्हटलं. बाहेर जाऊन पाहिलं तर बर्चच्या फांद्या हलत नव्हत्या.

काम मात्र चोख केलं. पाइपांच्या टोकांना जांभळा द्राव लावला, वर डिंक, थोडं पिळून सांधे बसवले, आणि डिंक पकडेपर्यंत हाताने दाबून धरले. सोडत्या पाइपाला भट्टीकडे उतार दिला, म्हणजे आत साचलेलं पाणी मागे येतं. बाहेर दोघांना कोपरं लावून तोंडं माणसाच्या छातीइतकी उंच नेली. सोडतीचं तोंड सरळ समोर, घेतीचं खाली वाकवलेलं. भट्टी पहिल्या झटक्यात लागली. सायमाने ऊब वर येते त्या जमिनीतल्या जाळीवर पाय ठेवले आणि म्हणाली, "मऊ आहे रे ऊब." मला त्या दिवशी पहिल्यांदा ते घर माझं वाटलं.

बर्फ लागला आणि तिची एक नवी सवय दिसू लागली. सकाळी उठली की कॉफीच्या आधी ती त्या जाळीवर जाऊन उभी राहायची. डोळे मिटलेले, झग्यात ऊब भरलेली, चेहऱ्यावर असं काहीतरी जे मी माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं.

"काय करतेस?"

"वास येतोय. बर्चच्या धुराचा."

"येणं शक्य नाही." मी तिला सगळं समजावलं. दोन पाइप, बंद पेटी, पत्र्याच्या पल्याडची ऊब.

"असेल," ती डोळे न उघडता म्हणाली. "भट्टी तुझी आहे. नाक माझं आहे."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी जाळीवर ओणवा झालो. धुराचा वास होता. त्याच्या खाली आणखी एक होता, पाइनच्या डांबराच्या काळ्या साबणाचा. तो साबण आर्मास सौनात वापरायचा. उरलेली वडी मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात फेकून दिली होती.

मी भट्टी उघडली, सांधे तपासले, साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहिलं. कुठेही गळत नव्हतं.

समोरची हिल्या म्हातारी रोज कुत्रा फिरवायला आमच्या कुंपणावरून जाते. एका सकाळी तिने मला थांबवलं.

"काय रे ओन्नी, उत्तरेकडचा बर्फ झकास पँकलायस. मला वाटलं, तुला फावड्याशिवाय काही येत नाही."

"मी कुठे पँकलाय?"

"बरं बाई, नाही तर नाही. बायकोला मदत केली तर त्यात लाजायचं काय?"

मी मागे जाऊन पाहिलं. आदल्या दिवशीच्या वादळाने सगळीकडे कमरेइतका बर्फ टाकला होता. फक्त घेत्या नाकपुडीखाली एक गोल जागा मोकळी होती, कडा थापून थापून घट्ट केलेली, वरून सरकणारा बर्फ पाइपावर पडणार नाही अशी. भोवती पावलं नव्हती. वारा बर्फाला हवे ते आकार देतो, हे मी जन्मभर पाहिलंय. पण वाकून पाहिलं तेव्हा त्या कडेवर बारीक बारीक वीण उमटलेली दिसली. लोकरीची.

मी ती बुटाने मोडून टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत होती.

पाइपाचं तोंड हवा ओढतंय की नाही हे पाहायला आम्ही त्याच्यासमोर पातळ कागदाची पट्टी बांधतो. भट्टी चालू असली की पट्टी आत ओढली जाते, बंद असली की लोंबत राहते. मी घेतीला पट्टी बांधली. भट्टी चालू असताना ती नीट आत गेली. रविवारी चर्चमधून आल्यावर मी खटका खाली करून भट्टी स्वतः बंद केली आणि मागे पट्टीसमोर जाऊन उभा राहिलो.

पट्टी आत गेली. थांबली. मग बाहेर आली, आणि तिच्याबरोबर पांढरी वाफ आली. पुन्हा आत गेली.

घेत्या नाकपुडीच्या कडेला बर्फाचे तुरे धरले होते. तसे तुरे सोडतीला धरतात, जिथून दमट ऊब बाहेर पडते. घेतीला धरायचं काही कारण नाही. थंडीत काम करणाऱ्या माणसाच्या मिशीवर धरतात, तसे ते होते.

मी घरात आलो. सायमा वर पलंगावर दुपारची झोप काढत होती. आमच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून वाकलं की खालची पट्टी दिसते. मी खिडकीशी उभा राहून एकदा खाली पाहत होतो, एकदा तिच्याकडे. तिची छाती वर आली की पट्टी आत जात होती. छाती खाली गेली की पट्टी बाहेर. तिने कूस बदलताना श्वास अडवला. पट्टीही अडली. मग दोघांनी मिळून सुस्कारा सोडला.

मी तिच्या शेजारी जाऊन आडवा झालो. तिच्या श्वासात माझा श्वास बसवून पाहिला. बसेना. मी घेईपर्यंत ती सोडत होती.

"आर्मास," ती झोपेत म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

ती गोड हसली, आणि भिंतीकडे वळली. उत्तरेच्या.

त्यानंतर मी काय करतोय याचा विचार केला नाही. कोट न घालता बाहेर गेलो. ओंजळीने बर्फ घेतला आणि त्या खाली वाकलेल्या तोंडात कोंबला. आणखी घेतला. मुठीने ठोकून ठोकून बसवला. भट्टीला काही होणार नव्हतं, पुन्हा चालू केली तरी हवा मिळाली नाही की ती आपली आपण बंद पडते आणि लाल दिवा लुकलुकवत बसते. सायमाला सांगेन बिघडली म्हणून. दुसरीकडे पाइप नेईन, नियम गेले खड्ड्यात. मी पँकत होतो आणि मोठ्याने बोलत होतो. "माझी बायको आहे. माझी आहे. मर की आता एकदाचा."

पट्टी लोंबत राहिली. वाफ थांबली. मला इतकं बरं वाटलं की मी हसलो.

वरच्या खिडकीवर थाप पडली.

मी मान वर केली. सायमा काचेला दोन्ही तळवे लावून उभी होती. तोंड उघडं होतं. काचेवर तिच्या तोंडासमोर वाफ धरत नव्हती. ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती आणि तिला तो मिळत नव्हता. ती खाली सरकली. काचेवर फक्त तळव्यांचे ठसे राहिले.

मी बोटं पाइपात घातली. आताच कोंबलेला भुसभुशीत बर्फ काचेसारखा झाला होता. नखं घसरली. चाकू नव्हता, काही नव्हतं. ठोसे मारले. पाइप हलला, बर्फ हलेना.

मी गुडघ्यांवर बसलो, खालून त्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं.

ओठ चिकटले. मी फुंकत राहिलो. छातीत होतं नव्हतं ते सगळं फुंकलं.

आत काहीतरी सुटलं.

मग पाइपाने ओढून घेतलं. मी फुंकत नव्हतो तेव्हाही ते जात होतं. सावकाश, लांबवर.

वरून सायमाच्या खोकल्याचा आवाज आला. मी ओठ उपटून काढले. कातडी तिथेच राहिली.

मी वर पोचलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून पाणी पीत होती. "घाणेरडं स्वप्न पडलं," ती म्हणाली. "कुणीतरी माझ्यावर बर्फ लोटत होतं. तुझ्या ओठांना काय झालं रे?" मी तिला मिठी मारली आणि रडलो. तिने माझी पाठ थोपटली.

डॉक्टरांना दोघांमध्येही काही सापडलं नाही. माझ्या छातीला नळी लावून ते म्हणाले, घोड्यासारखी आहे. ओठ भरून आले. भट्टी उत्तम चालते आहे. पाइप मी हलवला नाही, आणि हलवणारही नाही. प्रत्येक वादळानंतर मी स्वतः मागे जातो आणि घेतीखालचा बर्फ पँकतो. फावड्याने कडा नीट येत नाहीत, म्हणून गुडघ्यांवर बसून, हातांनी. माझे हातमोजे कातडी आहेत, ते भिजतात. सायमाने ट्रंकेतून लोकरीचे जुने काढून दिले. मला अगदी बरोबर बसले.

आज सकाळी आकाश निरभ्र होतं आणि थंडी अशी की नाकातले केस कडक होत होते. मी काम उरकत होतो तेव्हा हिल्या कुंपणाशी थांबली. तिच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते, कुत्र्याच्या तोंडातून छोटे छोटे.

"शेवटी शिकलास हं," ती म्हणाली.

मागचं दार उघडलं. सायमा झग्यावर शाल ओढून उंबऱ्यात उभी होती, हातात वेलदोड्याच्या नीसू पावाची बशी. "आर्मास, कॉफी गार होतेय!" तिने हाक मारली. तिच्या शब्दांबरोबर वाफ निघाली, आणि त्याच क्षणी माझ्या कानाशी घेत्या नाकपुडीतूनही निघाली, दाट, लांब. ती अंगण ओलांडून गेली. सायमा तिच्याकडे बघत हसली.

"आलो," मी म्हणालो.

तिने ऐकलं नसावं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. मग ओठांचा चंबू केला आणि शनिवारी करतो तसं जोर लावून फुंकलं. पुन्हा फुंकलं. माझ्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती, आणि तिच्यापलीकडे बर्चचं झाड लख्ख दिसत होतं.